उघडी पडलेली सळई: छज्जा, बाल्कनी आणि स्लॅबची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की नागपुरात एक फोन ठरलेला असतो. "भाऊ, छज्ज्याचा पोपडा पडला, लोहा दिसून राह्यला. पावसाच्या आधी प्लॅस्टर मारून घेऊ का?"

नका घेऊ. ते प्लॅस्टर दोन पावसाळे टिकतं आणि तिसऱ्यात पहिल्यापेक्षा मोठा तुकडा घेऊन खाली येतं. मिस्त्री सळईची समोरची बाजू खरवडतो, वरून माल थापतो आणि निघून जातो. काँक्रीटच्या आतली, म्हणजे मागची बाजू तशीच गंजलेली राहते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती जागा तो नवं प्लॅस्टर ढकलून मिळवतो. म्हणून पुढच्या सगळ्या टप्प्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: सळईच्या मागे जायचं.

हा लेख छज्जा, बाल्कनी आणि स्लॅबच्या खालच्या बाजूपुरता आहे. कॉलम किंवा बीमची सळई उघडी पडली असेल, तर छन्नी लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. तिथे भार असताना काँक्रीट फोडणं हे घरमालकाचं काम नाही आणि मिस्त्रीचंही नाही.

## कामाआधी: वेळ आणि सामान

सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेर. मेच्या 45 अंशांत लेटेक्सचा लेप (जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवणारा रबरी द्रवाचा थर) ब्रश उचलायच्या आत वाळतो, आणि वाळलेला लेप चिकटवत नाही, उलट माल सुटायला मदत करतो. मेमध्येच करावं लागलं तर भरण्याचं काम सकाळी 6 ते 9 मध्ये उरका. आदल्या दिवशीच परांचीला हिरवी नेट बांधा, उन्हाळ्यात सिग्नलवर टांगतात तसली. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात नवीन काम उघडू नका. टेका लावा, सैल पोपडे पाडून टाका आणि दिवाळीची वाट पाहा.

सामान आधी गोळा करा. मधेच इतवारीच्या लोहा ओळीत गाडी पळवली की प्रायमर लावायची वेळ निघून जाते आणि घासलेली सळई पुन्हा लाल होते. ग्राइंडरसोबत काँक्रीट कापायचं चाक आणि तारेचा गोल ब्रश, छन्नी-हातोडी, व्हर्निअर कॅलिपर, झिंकचं प्रमाण जास्त असलेला इपॉक्सी प्रायमर, एसबीआर लेटेक्स, नवीन सिमेंट, चाळलेली कन्हानची रेती किंवा तयार पॉलिमर रिपेअर मॉर्टर, बारदान, जाड प्लॅस्टिक. हातमोजे, चष्मा आणि मास्क घरमालकाने स्वतः आणून द्यावेत. मागितल्याशिवाय कोणी घालत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून फिनॉल्फ्थेलिनचं 1 टक्का द्रावणही घ्या. त्याचं काम टप्पा 2 मध्ये येईल.

## टप्पा 1: टेका

छज्जा आणि बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेले असतात, त्यामुळे त्यांची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खालून दिसणारी सळई बहुतेक वेळा आडवी पसरणीची असते. कधी कधी ती मुख्यच निघते, कारण स्लॅब टाकताना मजूर जाळीवर चालले आणि ती खाली बसली. दोन्हींतलं काय आहे हे फोडण्याआधी कळत नाही, म्हणून टेका आधी.

बाहेरच्या कडेपासून थोडं आत, साधारण दर मीटरला एक, जॅक किंवा बल्ली लावा. वर सलग फळी, खाली पाटा. पहिल्या मजल्यावरच्या छज्ज्याचा टेका तळमजल्याच्या छज्ज्यावर ठेवून थांबू नका. त्याच्या खालीही टेका द्या आणि भार जमिनीपर्यंत न्या. काळी माती असेल तर पाटा रुंद घ्या. तराईच्या (नव्या मालावर मारायच्या) पाण्याने माती मऊ झाली की बल्ली खचते.

इशारा: छज्ज्यावर कूलर असेल तर तो आधी उतरवा. भरलेल्या मोठ्या कूलरमध्ये नुसतं पाणीच 60 ते 100 किलो असतं.

तपासणी: प्रत्येक टेका हाताने हलवून बघा. हलला तर पाचर ठोका. पण छज्जा वर उचलला जाईल इतकी नको.

## टप्पा 2: ठोकून पाहा, मग रंग पाहा

पडलेला तुकडा एवढाच भाग खराब आहे असं समजणं ही दुसरी मोठी चूक. अर्धा किलोची हातोडी घ्या आणि विताविताच्या अंतराने ठोकत चला. भरीव काँक्रीट टणक वाजतं. जिथे आतून थर सुटलाय तिथे मडक्यासारखा पोकळ आवाज येतो. पोकळ भागाला खडूने वेढा घाला. बघायला गेलं तर एक हात, आणि ठोकल्यावर पाच हात, असं हमखास निघतं. ठेकेदाराशी दर ठरवायचा तो या खडूच्या रेघेनंतर, आधी नाही. आधी ठरवलात तर तो रेघ लहान काढेल.

आता फिनॉल्फ्थेलिन. चांगल्या काँक्रीटचा पीएच 12.5 ते 13 असतो, आणि या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि पीएच 9 च्या खाली आणतो. तो थर गेला की ओल आणि हवा मिळताच सळई गंजते. खडूच्या रेघेजवळ छन्नीने ताजा तुकडा उडवा, धूळ फुंकून काढा आणि पाणी न लावता द्रावण शिंपडा. गुलाबी झालं तर अल्कली शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर तो भाग मेलेला. बाहेरच्या पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंत किती मिलिमीटर, ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

कार्बनचं हे आत जाणं काळाच्या वर्गमुळाने वाढतं. 10 मिमी आत जायला 10 वर्षं लागली असतील तर 20 मिमीला 40 लागतात. म्हणजे सळईवरचं कव्हर (तिच्यावरची काँक्रीटची जाडी) निम्मं ठेवलं की आयुष्य निम्मं नाही, चौथाई होतं. मिस्त्री कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचा खडा सरकवतो, तो खडा निसटतो आणि सळई फार्म्याला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला टेकते. बहुतेक छज्ज्यांची गोष्ट तिथेच सुरू झालेली असते.

गुलाबी रंग आला, तरीही सळईला खोल खड्डे पडलेले दिसले, तर दोष क्लोराइडचा, म्हणजे मिठासारख्या क्षारांचा. नागपुरात समुद्र नाही, पण बोअरचं पाणी आहे. काँक्रीटमध्ये कालवायच्या पाण्यात आयएस 456 या भारतीय मानकानुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको. बोअरचं पाणी कालवण्याआधी तपासून घेणारं बांधकाम मी क्वचितच पाहिलंय. क्लोराइड निघालं तर टप्पा 4, 5 आणि 8 मधल्या वेगळ्या सूचना वाचा.

## टप्पा 3: पाणी कुठून येतंय ते आधी थांबवा

हा टप्पा सगळे शेवटी ठेवतात. तो शेवटी ठेवला तर ओल्या काँक्रीटवर प्रायमर लागतो आणि काम तिथेच बिघडतं.

आपल्याकडे तीन उगम नेहमीचे. गच्चीचा तुंबलेला पन्हळ. बाल्कनीच्या टाइल्सखालून मुरणारं पाणी. आणि तिसरा खास आपला: कूलर. मार्च ते जून टाकीचं पाणी छज्ज्यावर ठिबकतं, दिवसभर वाळतं, रात्री पुन्हा ओलं होतं. ओल-वाळ, ओल-वाळ या फेऱ्याइतकी सळईला वाईट दुसरी गोष्ट नाही. त्यात टाकीतलं पाणी उडत राहतं आणि क्षार मागे उरतात, म्हणजे जूनमध्ये ठिबकणारं पाणी मार्चच्या पाण्यापेक्षा जास्त खारं. पॅडवर पांढरी पुटं दिसतात, त्यातले विरघळणारे क्षार छज्ज्यातही उतरलेले असतात.

कूलरला जमिनीपासून लोखंडी स्टँड करा. जमत नसेल तर खाली ट्रे ठेवून नळीने पाणी दूर सोडा, आणि टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करा. उगम बंद केल्यावर आठवडाभर वाळू द्या, मगच पुढे.

## टप्पा 4: फोडणं

खडूच्या रेघेबाहेर ग्राइंडरने साधारण 10 मिमी खोल सरळ काप घ्या, चौकोनी. कव्हर कमी असेल तर त्याहून उथळ घ्या, सळईला चाक लागता कामा नये. हा काप का? कडेला माल शून्यावर आणला की तो पापडासारखा वाळून उचलला जातो, त्याला किमान 10 मिमी जाडीची कड हवी.

आत छन्नीने फोडा. सळईच्या मागे 20 ते 25 मिमी मोकळी जागा झाली पाहिजे.

तपासणी: अंगठ्याशेजारचं बोट सळईच्या मागून आरपार फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू देऊ नका. मिस्त्री म्हणेल, "एवढं कशाला साहेब, मजबूत आहे मागचं." मजबूत आहे हे खरंच असतं, पण सळईची मागची बाजू गंजलेलीच असते.

लांबीच्या दिशेने फोडत जा, चकचकीत, गंज नसलेली सळई दिसेपर्यंत. आणि तिथून पुढे आणखी 50 मिमी. क्लोराइडचं काम असेल तर 100 मिमी तरी जा. एका वेळी पूर्ण छज्जा सोलू नका. मीटर-दीड मीटरचे भाग पाडा, एक भरून घट्ट झाला की दुसरा. मोठा ब्रेकर लावू नका, त्याच्या हादऱ्याने शेजारचं चांगलं काँक्रीट सळईपासून सुटतं.

## टप्पा 5: गंज काढणं

तारेच्या हातब्रशने वरची लाल पूड निघते, काळी खपली निघत नाही. आधी खपली हातोडीने हलकी ठोकून सोडवा, मग ग्राइंडरचा तारेचा ब्रश, आणि मागच्या बाजूला चिंचोळा हातब्रश किंवा सँडपेपरची पट्टी दोन्ही हातांनी ओढत, बूट पुसतात तशी. मोठं काम असेल तर सँडब्लास्टिंगवाला बोलवा. खड्ड्यांमधला गंज नीट काढणारा त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

इशारा: संडास-फरशी धुवायचं ॲसिड सळईला लावू नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. सळई पाच मिनिटांत पांढरी दिसते, मिस्त्री खूश, मालक खूश, आणि आपण स्वतःच्या हाताने आत क्लोराइड भरलेलं असतं. ॲसिडने "चकाचक" केलेलं एक काम मी वर्षभरात उलटून आलेलं पाहिलंय. रस्ट कन्व्हर्टर नावाच्या द्रवाचंही मला फारसं कौतुक नाही: घासायचा कंटाळा झाकायलाच तो जास्त वापरला जातो.

क्लोराइडचं काम असेल तर घासल्यावर पिण्याच्या पाण्याने जोरात धुवा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा एकदा घासा.

उलट, बांधकामावर नवीन सळई चार दिवस पावसात राहून तांबूस झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. कापडाने पुसून निघणारा गंज चालतो. खपली निघत असेल तर चालत नाही.

## टप्पा 6: कॅलिपरने मोजा

घासून झाल्यावरच मोजायचं, आधी नाही. गंजासकट सळई जाडच दिसते. सगळ्यात बारीक झालेल्या जागी माप घ्या. डोळ्याला फरक छोटा वाटतो, ताकदीत मोठा असतो:

- 8 मिमीची 7 मिमी उरली तर जवळपास 23 टक्के लोखंड गेलं.
- 10 मिमीची 9 मिमी उरली तर 19 टक्के.
- 12 मिमीची 10.5 मिमी उरली तर पुन्हा 23 टक्के.

पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा जास्त गेलं असेल तर नवीन सळई जोडावी लागते. ती नुसती शेजारी तारेने बांधून भागत नाही. चांगल्या सळईवर दोन्हीकडे पुरेसा लॅप (दोन सळया शेजारी राहतात ती लांबी) हवा, आणि तो किती हे इंजिनीअर ठरवेल. मुख्य सळईच्या बाबतीत हा खर्च वाचवू नका. वेल्डिंगवाला "टाका मारून देतो" म्हणाला तर नको म्हणा, हल्लीच्या टीएमटी सळईची ताकद उष्णतेवर केलेल्या प्रक्रियेने आलेली असते.

## टप्पा 7: प्रायमर, त्याच दिवशी

घासलेली सळई रात्रभर उघडी ठेवू नका. सकाळी घासली तर दुपारपर्यंत पहिला हात लागला पाहिजे.

सळई कोरडी हवी. दोन भाग असलेला प्रायमर असेल तर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नाही; मिसळल्यावर वापरायची मुदत डब्यावर असते, ती सावलीतल्या तापमानासाठी. आपल्या उन्हात ती बरीच कमी होते, म्हणून थोडा-थोडा कालवा. दोन हात द्या. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी, धुतलेली, खरखरीत रेती चिमटीने मारा, म्हणजे मॉर्टरला पकड मिळते.

तपासणी: छोटा आरसा मागे धरा, दाढीचा चालतो. सळईच्या मागे लोखंडाचा रंग दिसला तर हात चुकलाय. प्रायमर आजूबाजूच्या काँक्रीटवर सांडू देऊ नका, त्या जागी माल नीट धरत नाही.

## टप्पा 8: भरणं

इथे क्रम उलटा झाला की सगळं वाया. प्रायमरसाठी कोरडं हवं होतं, मॉर्टरसाठी ओलं हवं. म्हणून प्रायमर पूर्ण वाळल्यावरच, संध्याकाळी, जुनं काँक्रीट भिजवा आणि रात्रभर ओलं बारदान लावून ठेवा. सकाळी वर साचलेलं पाणी टिपून घ्या. पृष्ठभाग गडद दिसावा, पण चमकू नये.

मग एसबीआर आणि सिमेंटचा लेप, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, ब्रशने रगडून. तो चिकट असतानाच पहिला थर दाबायचा. मिस्त्रीला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लेप एकदम लावू देऊ नका. चहा प्यायला गेला तर परत आल्यावर नवीन लेप.

पहिला माल सळईच्या मागे, अंगठ्याने कोंबून. थापीने पुढून मारलेला माल मागे जात नाही, तिथे पोकळी राहते आणि त्या पोकळीत पुन्हा ओल बसते. खालून भरताना एक थर 10 ते 15 मिमीचा, त्यावर थापीच्या टोकाने रेघा, तो आवळला की पुढचा. एकदम 40 मिमी थापलं तर स्वतःच्या वजनाने लोंबतं. खोली 50 मिमीच्या पुढे असेल तर फार्मा बांधून न आकसणारं मायक्रोकाँक्रीट ओता.

सळईवर बाहेरून किमान 20 मिमी माल राहिला पाहिजे. छज्जा पातळ पडत असेल तर तिथे थोडा फुगवटा आला तरी चालेल. दिसायला वाईट दिसेल म्हणून जुन्या पातळीला आणून सोडू नका. आणि पीओपी किंवा वॉल पुट्टीने खड्डा भरायचा विचारही नको: पीओपी ओल धरून ठेवतं आणि सळईला लागणारी अल्कली त्यात नसते.

क्लोराइडच्या कामात एक वेगळा धोका असतो. जो भाग जोरात गंजत होता तो आजवर शेजारच्या सळईला एक प्रकारे वाचवत होता. तो दुरुस्त झाला की गंज शेजारी, नव्या मालाच्या काठाबाहेर सरकतो. यासाठी जस्ताचे छोटे बलिदानी ॲनोड मिळतात. ते दुरुस्तीच्या काठाजवळ सळईला तारेने बांधून आत पुरतात. सळईऐवजी जस्त झिजतं. बांधण्याच्या जागी लोखंड उघडं असावं लागतं आणि जोड मल्टिमीटरने तपासावा लागतो, म्हणून हे काम माहितगाराकडूनच करून घ्या. त्यानेच प्रायमर कुठे लावायचा तेही ठरवावं.

## टप्पा 9: तराई

लेटेक्सच्या मॉर्टरला सात दिवस पाणी मारत राहणं ही चुकीची सवय. त्याला आवळल्यापासून एक-दोन दिवस ओल हवी, मग सावलीत वाळू द्यायचं, म्हणजे आतला पॉलिमर जमतो. मायक्रोकाँक्रीटला मात्र पूर्ण सात दिवस. तयार मॉर्टरच्या पोत्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका.

बाहेर लू वाहत असताना सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी फेकणं म्हणजे तराई नव्हे. मधल्या दहा तासांत माल तडकतो. ओलं बारदान लावून वरून प्लॅस्टिक बांधा. पाणी पिण्याचं वापरा, बोअरचं नको. टेका मॉर्टरला पुरेशी ताकद येईपर्यंत राहू द्या. सळई जोडली असेल तर इंजिनीअर सांगेल तेव्हाच काढा.

## टप्पा 10: वरून संरक्षण

छज्ज्याच्या वरच्या बाजूला बाहेरच्या दिशेने उतार आणि वॉटरप्रूफिंग. खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून दोन बोटं आत, ड्रिपची खाच ठेवा. पाणी तिथे तुटून खाली पडतं, नाहीतर खालच्या अंगाने भिंतीपर्यंत चालत जातं. दुरुस्ती करताना ही खाच भरून टाकणारे बरेच आहेत. मग संपूर्ण छज्ज्याला, फक्त नव्या ठिगळाला नाही, कार्बन डायऑक्साइड अडवणारा बाहेरचा रंग द्या.

दुरुस्तीची तारीख आणि कडा दाखवणारा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत तीच हातोडी घेऊन पुन्हा ठोका, नव्या मालावर एकदा आणि त्याच्या काठाबाहेर वीतभर एकदा. नव्या मालावर पोकळ वाजलं तर लेप वाळल्यावर भरलंय, तेवढा तुकडा काढून टप्पा 8 पासून करायला लावा. काठाबाहेर वाजलं तर गंज सरकलाय. तिथे पुन्हा टप्पा 2 पासून, फिनॉल्फ्थेलिनसकट.